फळ्यावरची उरलेली जागा

हसनाबादेत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कचरूचा फळा आहे. भिंत माझी, फळा त्याचा आणि त्यापायी होणारा ताप पुन्हा माझाच. लोक दळणाचे डबे खाली टेकवून फळा वाचत उभे राहतात आणि खऱ्या गिऱ्हाइकाला मोटारसायकल लावायला जागा उरत नाही. यावरून मी सहा वर्षं कचरूला शिव्या देत आलोय. त्यानं एकही मनावर घेतलेली नाही.

कचरू म्हणजे आमच्या शाळेचा जुना शिपाई. सव्वीस वर्षं त्यानं घंटा दिली, खोल्या झाडल्या आणि रोज सकाळी व्हरांड्यातल्या फळ्यावर सुविचार लिहिला. सुविचार लिहायचं काम खरं शिक्षकांचं. पण कचरूचं अक्षर मोत्यासारखं, आणि आयतं मिळाल्यावर कोण सोडतो? तेव्हाच्या हेडमास्तरांना रिकामा फळा खपत नसे. सुविचार छोटा असला आणि खाली जागा उरली की ते म्हणायचे, "कचरू, ही जागा काय भाड्यानं द्यायचीय?" मग कचरू खाली स्वतःच्या मनानं एखादी सूचना ठोकून द्यायचा. 'हात स्वच्छ धुवावेत.' 'पाणी जपून वापरावे.' 'भिंतीवर पाय ठेवू नयेत.' सव्वीस वर्षांत ही खोड हाडात मुरली.

तो निवृत्त झाला त्याच सुमारास शाळेत काचेचा नवा चकचकीत फळा आला आणि जुना लाकडी फळा भंगारात निघाला. कचरूनं तो डोक्यावर घेऊन घरी आणला. त्याची बायको तुळजाबाई दारातच आडवी आली. "ह्यो आता कुठं ठिवायचा? मह्या डोक्यावर?" म्हणून फळा माझ्या भिंतीवर आला. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण निवृत्तीनंतरच्या त्या आठवड्यात कचरूचं तोंड बघवत नव्हतं. सकाळी सात वाजले की त्याचा उजवा हात आपोआप खिशात खडू शोधायचा.

सुविचारांचा त्याला स्वतःलाच कंटाळा आला होता, म्हणून त्यानं बातम्या धरल्या. पहाटे रेडिओ, मग फोन, मग पहिल्या एसटीनं आलेलं वर्तमानपत्र. तिन्हीकडं सापडली तरच बातमी खरी. सातला तो फळ्याचे तीन कप्पे पाडतो: तंत्रज्ञान, विज्ञान, जग. राजकारण लिहीत नाही, भाव लिहीत नाही. चांद्रयान उतरलं त्या दिवशी त्यानं रंगीत खडूनं चंद्र काढला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर साखर ठेवली होती. एकदा माझ्याच पिठाचा गोळा आणि एक लिंबू घेऊन त्यानं बायकांना ग्रहण समजावून सांगितलं. लिंबू माझं परत आलं, पीठ नाही आलं. मी त्याला कितीही बोललो तरी एक कबूल करतो, की आमच्या गावात 'फळ्यावर आहे' म्हणजे खरं आहे. शपथेपेक्षा फळा मोठा झाला होता. माणसाचा एवढा भरवसा बसला की त्यानं जरा भ्यावं, पण कचरूच्या ते ध्यानात आलं नाही.

ही गोष्ट गेल्या माघातली. त्या दिवशी फळा असा होता. तंत्रज्ञान: आता टॉवर नसला तरी फोन थेट उपग्रहाशी बोलणार. विज्ञान: एक जुना निकामी उपग्रह पृथ्वीकडे परततोय, बराचसा भाग हवेत जळेल, उरलेले तुकडे समुद्रात पडण्याची शक्यता. जग: दोन देशांच्या लढाईत ड्रोनचा मारा वाढला. इतकं लिहून झालं आणि खाली दोन ओळींची जागा उरली.

मी तेव्हा चक्कीच्या दगडाला छिन्नीनं टाकी घालत होतो. कचरू मागं सरला, मान वाकडी करून फळ्याकडं बघितलं आणि परत पुढं होऊन त्यानं ती जागा भरली. 'सूचना: आकाशातून पडलेल्या वस्तूस हात लावू नये. त्यात विषारी इंधन असते. बारा तासांत परिणाम होतो.' मग हात झटकून चहा प्यायला घरी गेला.

साडेआठच्या सुमारास धुळाजीची सून ज्वारीचं दळण घेऊन आली. धुळाजीची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. मेंढरं आहेत, दीड एकर हरभरा आहे. धुळाजी, त्याची बायको साखराबाई, मुलगा रामेश्वर, ही सून आणि तीन वर्षांची नात प्रांजली एवढा कुटुंबकबिला. रामेश्वर रोज जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला जातो. सून बारावी झालेली आहे. दळण पडेपर्यंत ती फळा वाचत राहिली आणि वाचता वाचता तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मामा, आत्याबाईनं आज पहाटं तेच उचलून आणलंय." आत्याबाई म्हणजे तिची सासू, साखराबाई. "बांधावर पडेल होतं. भगवं भगवं कापड अन् पांढरं खोकं. सहा वाजता आणलं."

दळण तिथंच टाकून ती धावत सुटली. मी चक्की बंद केली. दळण अर्ध्यावर सोडून मी गिरणी बंद केली असं याआधी फक्त माझे वडील गेले तेव्हा झालं होतं.

कचरूला घरातून ओढूनच काढला. तो बशीतला चहा तसाच ठेवून माझ्या गाडीवर मागं बसला आणि सगळा रस्ता माझा खांदा घट्ट धरून राहिला. मला वाटलं, घाबरलाय. घाबरलाच होता, पण वेगळ्याच कारणानं.

वस्तीवर आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. चाळीस-पन्नास माणसं गोळा झालेली, आणि सगळी बांधाच्या अलीकडं. पोलीस पाटलानं ठाण्याला फोन लावला होता. तिकडून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत कोणी जवळ जाऊ नका. आता हसनाबादेत जो फळा वाचतो तो आपल्या आवडीचा कप्पा वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. जगाचा कप्पा वाचणारे म्हणत होते, दुश्मनाचा ड्रोन आहे. विज्ञानवाले म्हणत होते, उपग्रहच आहे, समुद्राचा नेम चुकला. एकजण तर म्हणाला की, टॉवर नसलेल्या फोनचं मशीन आहे, रेंज आणायला वरून सोडलंय. तिन्ही बातम्यांची खिचडी झाली होती आणि प्रत्येकजण फळ्याचा दाखला देत होता. खालच्या सूचनेवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

खोकं गोठ्यापाशी पडलं होतं, थर्माकोलचं, मोठ्या पाटाएवढं. त्याच्यावर बसून साखराबाईनं पहाटे शेळीची धार काढली होती. भगवं कापड तिनं कोकरांच्या काटक्यांच्या कुडावर थंडीसाठी पांघरलं होतं. आणि ती स्वतः सगळ्यांपासून लांब, लिंबाखाली एकटी बसली होती. दोन्ही हात तिनं गुडघ्यांवर उताणे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

प्रांजली आईच्या कडेवर हातपाय झाडत रडत होती. तिला आजीकडं जायचं होतं. रोज उठल्या उठल्या तिला आजी लागते.

"आनू नको तिला," साखराबाई लांबूनच ओरडली. "बरं झालं, म्या पहाटं तिला घेतलं न्हाई. झोपेल होती. न्हाईतर मंग..."

धुळाजी मध्येच उभा होता, ना बायकोजवळ ना माणसांत. त्यानं एकदा पाऊल पुढं टाकलं तर तिनं त्यालाही हात वर करून थांबवलं. "तुमी यायचं न्हाई. मेंढरं कोन बघन? काळ्या कानाची मेंढी आठ दिवसांत व्यायची हाये, तिला येगळं बांधा. रामेश्वरला सांगा गाडी जल्दी जल्दी चालवू नको, म्या काय सहा वाजेपर्यंत कुठं जात न्हाई."

रामेश्वरला आणि सरकारी दवाखान्यात फोन गेले होते. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. पण साखराबाई ऐकेना. लेक आल्याशिवाय आपण जागचं हलणार नाही, आणि गाडीत चार माणसांना शिवणार तर मुळीच नाही. तिला ना चक्कर होती, ना उलटी, ना खाज. तोंड मात्र राखेसारखं झालं होतं.

तेवढ्यात तिला कचरू दिसला. "कचरूभाऊ, बरं झालं आलात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच धीर आल्यासारखा वाटला. "तुमाला म्हाईत असन. ते बारा तास कवापासून धरायचे? म्या पयल्यांदा कापडाला हात लावला तवापासून, का खोक्यावर बसले तवापासून?"

सगळी माणसं कचरूकडं बघायला लागली. कचरू माझा दंड धरून मला बाभळीमागं घेऊन गेला.

"राधेश्याम, ती फळ्यावरली वळ मही हाये."

"तुहीच असंल की. फळा तुहा."

"तसं न्हाई. इंधनाचं म्या मागं कुठंतरी वाचेल होतं, उपग्रहात इखारी इंधन राह्यतं म्हनून. ते खरं हाये. पन बारा तासांचं..." त्यानं घाम पुसला. "बारा तासांचं कुठंच न्हाई. जागा उरली होती. अर्धी वळ रिकामी दिसून राह्यली होती, म्हनून लिवलं."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की, ती बाभळ उपटून त्याच्या पाठीत घालावीशी वाटली. एक बाई झाडाखाली बसून आपल्या मरणाचे तास मोजतेय, कशासाठी? तर याला फळा भरलेला लागतो म्हणून! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग तिला," मी म्हटलं.

"काय सांगू? बारा तास खोटे हायेत, पन इख खरं हाये, असं सांगू? मंग ती इचारील, किती तास? मला म्हाईत न्हाई राधेश्याम. मला बिलकुल म्हाईत न्हाई. एका तासात होतंय का होतच न्हाई, काहीच म्हाईत न्हाई."

कचरू बांध ओलांडून सरळ खोक्याकडं चालायला लागला. माणसांनी आरडाओरडा केला, पोलीस पाटलानं शिट्टी मारली. साखराबाई उठून उभी राहिली. "कचरूभाऊ, मागं फिरा! तुमीच लिवलंय ना, हात लावू नका म्हनून!"

कचरू खोक्याजवळ गेला. मी त्याला सहा वर्षं शिव्या दिल्यात, पुढंही देईन. पण त्यानं त्या क्षणी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या खोक्यात विष आहे असं तो मनापासून मानत होता. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि उघड्या हातांनी खोकं उलटं केलं.

खालच्या अंगाला कागद चिकटवलेला होता. अर्धा चिखलानं माखलेला. कचरूनं तो तळहातानं पुसला, चष्मा लावला आणि शाळेत प्रार्थनेनंतर वाचायचा तशा खणखणीत आवाजात वाचायला लागला. "हे शास्त्रीय उपकरण आहे. ते धोकादायक नाही. हवामानाच्या अभ्यासासाठी हैदराबाद येथून फुग्याद्वारे सोडले आहे. कृपया उघडू नये. सापडल्यास खालील क्रमांकावर कळवावे." मराठीत एकदा, हिंदीत एकदा. त्याखाली तेलुगू होतं, ते वाचता येईना म्हणून त्यानं ते नुसतं बोटानं दाखवलं. धोका नाही असं सांगणारा कागद पहाटेपासून तिथंच होता. फळ्यानं जवळ जायला बंदी केली म्हणून तो कुणी वाचलाच नव्हता.

फोन मी लावला. एका मुलीनं उचलला. त्यांची माणसं आदल्या संध्याकाळपासूनच त्या खोक्याच्या मागावर होती. रात्री जालन्यात मुक्कामी राहून सकाळी भोकरदनच्या बाजूला शोधत फिरत होती. मी आवाज मोठा करून फोन वर धरला. "नहीं नहीं, जहर वगैरा कुछ नहीं है," ती हैदराबादी हिंदीत म्हणाली. "अंदर बैटरी है और हवा नापने का सामान है. हम घंटे भर में आते."

माणसांत असा काही सुस्कारा झाला की बांधावरचे होले उडाले. जो तो हसायला लागला, आणि दोन मिनिटांत प्रत्येकाला हे आधीपासूनच माहीत होतं. ड्रोनवाला म्हणाला, मी म्हटलंच होतं. पोलीस पाटलानं ठाण्याला परत फोन लावून 'परिस्थिती नियंत्रणात' असल्याचं कळवलं. सुनेनं रामेश्वरला फोन करून आता घाई नको म्हणून कळवलं. धुळाजीनं पागोटं सोडलं आणि त्याच्याच टोकानं तोंड पुसलं. कुणीतरी चहाची चूल पेटवली.

साखराबाई मात्र लिंबाखालून हलली नाही. "फोनवरल्या पोरीला म्या काय वळखते?" ती म्हणाली. "फोनवर कोनी काही बी सांगतं. मागच्या साली रामेश्वरला बी असाच फोन आल्ता, अन् खात्यातले पैशे गेले."

आता तिला काय म्हणावं? खोटं तर ती बोलत नव्हती. सुनेनं समजावलं, धुळाजीनं समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि हात तसेच उताणे ठेवायची. प्रांजली रडून रडून आईच्या खांद्यावर उचक्या देत होती आणि साखराबाई तिच्याकडं बघायचंही टाळत होती. बघितलं की उठून जावंसं वाटत असणार.

अकराच्या आत जीप आली. त्यातून दोन पोरं आणि फोनवरची ती मुलगी उतरली, असेल पंचविशीची, केस वर बांधलेले, पायात चिखलाचे बूट. तिनं येताच खोकं उचलून कडेवर घेतलं, कोकरांच्या कुडावरच्या कापडावर हात फिरवला आणि हसली. मग लिंबाखाली साखराबाईच्या शेजारी जाऊन बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बातमी आल्यापासून त्या बाईला कुणी शिवलं नव्हतं. "अम्मा, ये पैराशूट की छत्री का कपड़ा है. इससे कुछ नहीं होता. मैं तो रोज हाथ लगाती."

साखराबाईनं तिचं सगळं ऐकलं. मान हलवली. पण तिची नजर त्या मुलीवर नव्हती, तिच्या खांद्यावरून पलीकडं होती. "कचरूभाऊ," तिनं हाक मारली. "ही पोर म्हनती ते खरं हाये का?"

तिला साहेब नको होता, मॅडम नको होती. तिला अक्षर वाचता येत नाही, आणि सहा वर्षं सून तिला फळा वाचून दाखवत आली होती.

कचरू तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे हात चिखलानं भरलेले होते. "खरं हाये वैनी," तो म्हणाला. मग सगळ्या गावासमोर, अजिबात आवाज न लपवता, त्यानं पुढचं सांगितलं. "अन् ते बारा तासांचं म्या मह्या मनानं लिवलं होतं. कुठं वाचलं न्हाई, कोनी सांगितलं न्हाई. फळ्यावर जागा उरली होती. तुमाला सकाळपासून जे झालं ते मह्या हातानं झालं."

धुळाजीनं हातातली काठी वर उचलली. मला वाटलं, आता घालतो. घातली असती तर मी मध्ये पडलो नसतो, हेही सांगून टाकतो.

साखराबाई कचरूकडं बघत राहिली. ती त्याच्या बोलण्यातलं काहीतरी निवडून वेगळं काढतेय, असं वाटत होतं. मग तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे लेकराला घिऊ ना?"

"घ्या," कचरू म्हणाला.

सुनेनं प्रांजलीला खाली सोडलं. पोरगी पडत-उठत धावली. साखराबाईनं हात आधी लुगड्याला पुसले, एकदा, दोनदा, आणि मग तिला असं छातीशी धरलं की पोरगी गुदमरून ओरडली. ती तिच्या केसांत तोंड घालून रडली. रडणं झाल्यावर तिनं डोकं वर केलं, नाक पदरानं पुसलं आणि कचरूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली. त्याच्या खडूचा, त्याच्या फळ्याचा, त्याला जन्म देणाऱ्या मायबापाचा. मी सहा वर्षांत दिलेल्या शिव्या त्यापुढं आरतीसारख्या होत्या. एकेक शिवी ऐकताना कचरूचा जीव भांड्यात पडत होता. धुळाजीनं काठी कुडाला टेकवली आणि कचरूच्या हातात चहाचा कप दिला, तरी ती थांबली नाही. पोरगी तिच्या मांडीवर केव्हाच झोपली होती.